कोपऱ्यावरचा दिवा

मोटारीच्या दिव्यांत मान असतो तो हेडलाईटचा. रात्री रस्ता तोच दाखवतो, म्हणून चालक त्याची काच पुसतो, दसऱ्याला झेंडूची माळही त्याच्याच अंगाखांद्यावर पडते. त्याच्या शेजारी, कोपऱ्याला वळसा घालून बसवलेला नारिंगी काचेचा जो लहान दिवा असतो, त्याच्याकडे तो फुटेपर्यंत कोणी पाहत नाही. आम्ही त्याला इंडिकेटर म्हणतो; गॅरेजवाले कधी साईड लाईट म्हणतात, कधी कॉर्नर लाईट. हा दिवा फुटल्यावर बाजारातला दुसरा आणून घरच्या घरी कसा बसवावा, आणि मुळात आणताना कोणता आणावा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. कला शाखेच्या अंकात हा विषय जरा परका वाटेल. परंतु या दिव्याचे काम पाहिले तर ते बोलण्याचेच आहे, म्हणून धाडस करतो.

आमच्या घरी जुनी टाटा सुमो आहे. ही मोटार १९९४ साली बाजारात आली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या नावावरून तिला ‘सुमो’ म्हणतात. आता मुळगावकरांतून ‘मु’ निघायचा तो ‘मो’ कसा निघाला, असा प्रश्न मराठीच्या विद्यार्थ्याला पडणारच; तो त्यांच्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगातून आला आहे. असो. तर या सुमोचा डावा कोपरा गेल्या हंगामात उसाच्या ट्रॉलीला घासला आणि दिव्याची काच गेली.

दिवा आणायचा म्हटल्यावर घरात दोन पक्ष पडले. पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टची दुकाने ओळीने आहेत. तिथे कंपनीचा माल मिळतो, आणि ‘लोकल’ म्हणजे दुसऱ्याच कारखान्यात तयार झालेला मालही मिळतो. लोकल दिवा बराच स्वस्त पडतो, शिवाय त्यात निवड असते : नारिंगी काच, पांढरी काच, आणि काळपट धुरकट काच. माझ्या चुलतभावाला धुरकट हवी होती. ‘गाडीला रुबाब येतो’ हे त्याचे म्हणणे, आणि ते खोटे नाही, रुबाब येतो. वडिलांना स्वस्त काय ते हवे होते. दोघांनीही माझ्याकडे पाहिले, कारण कॉलेजात मी एकटाच जातो, तेव्हा मला हेही माहीत असायला हवे!

मी पुष्कळांना विचारले आणि जे समजले ते असे. मोटारीतला हा दिवा असा आहे, की तो मालकाला बसल्या जागेवरून धड दिसतसुद्धा नाही. तो बाहेरच्या माणसासाठी आहे. केंदूरहून पाबळकडे जाताना पहाटे दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल समोरून येते, कोणी बांधावरून सायकल रस्त्यावर चढवतो, कोणी म्हातारी शेळ्या घेऊन कडेला उभी असते. या लोकांनी थांबावे की निघावे, हे त्या नारिंगी दिव्यावरून ठरते. पूर्वी काही मोटारींच्या दाराच्या खांबातून एक छोटा उजळणारा हात बाहेर येई आणि वळण्याची दिशा दाखवी. तो हात गेला, त्या जागी लुकलुकणारा दिवा आला. दिवा कोपऱ्यावर वळसा घेऊन बसतो तोही यासाठीच. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पुढचा इंडिकेटर बाहेरच्या बाजूला ८० अंशांपर्यंत दिसला पाहिजे, म्हणजे मोटारीच्या जवळजवळ आडवे उभे राहिलेल्यालाही. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्याचा रंग नारिंगी ठरवून दिला आहे आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे असे म्हटले आहे. रंगाचे कारण सोपे आहे : पुढे पांढरा, मागे तांबडा, तेव्हा वळण्यासाठी त्या दोघांत न मिसळणारा तिसरा रंग हवा. (महामार्गावर काही ट्रकवाले ‘पुढे जा’ म्हणून उजवा इंडिकेटर दाखवतात, काही डावा. एकाच शब्दाचे दोन अर्थ झाले की काव्यात श्लेष होतो, रस्त्यावर अपघात होतो.)

या कसोटीवर तिन्ही काचा पाहू. नारिंगी काच आणि आत साधा पांढरा बल्ब, हा जुना आणि भरवशाचा प्रकार. पांढरी काच असेल तर आतला बल्ब नारिंगी लागतो. या नारिंगी बल्बाच्या बुडाशी ज्या दोन खुंट्या असतात त्या साध्या बल्बासारख्या अगदी समोरासमोर नसतात, थोड्या तिरक्या असतात. त्यामुळे त्याच्यासाठी केलेल्या होल्डरात साधा बल्ब बसतच नाही. चुकीचा रंग लागू नये म्हणून कोणा इंजिनिअरने केलेली ही युक्ती मला फार आवडली. तरी खुंटीवर कानस मारून साधा बल्ब बसवणारे महाभाग असतातच. हलक्या नारिंगी बल्बाचा रंग काही महिन्यांत उडतो आणि दिवा पांढरा लुकलुकू लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

धुरकट काचेची परीक्षा आम्ही दुकानाबाहेर केली. दुकानदाराने सौजन्याने बॅटरीला तारा जोडून नारिंगी आणि धुरकट असे दोन दिवे भर दुपारच्या उन्हात लावले. तीस पावलांवरून नारिंगी दिवा स्पष्ट कळत होता. धुरकट दिवा लागला आहे की नाही यावर माझे आणि चुलतभावाचे एकमत होईना. तो वाद तिथेच संपला. काचेवर आणखी एक गोष्ट पाहावी. वर्तुळात ‘ई’ हे इंग्रजी अक्षर आणि आकडा कोरलेला असेल, तर तो नमुना युरोपीय पद्धतीच्या तपासणीत उतरलेला असतो. आपल्याकडे असे दिवे तपासणाऱ्या संस्थांपैकी एक पुण्यातच वेताळ टेकडीवर आहे, १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन. टेकडीवर फिरायला जाणारे तिचे नाव रोज घेतात, आत काय चालते ते फार थोड्यांना ठाऊक असते.

आता बसवणे. चावी काढावी आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी. स्क्रू काढून जुना दिवा पुढे ओढावा; होल्डर मागून थोडा फिरवला की सुटतो. कोणती तार कुठे होती हे आधी कागदावर काढून ठेवावे. जुना आणि नवा दिवा शेजारी ठेवून स्क्रूची भोके, मागची रबरी पट्टी आणि पाणी निघून जाण्याचे बारीक छिद्र जुळते का ते पाहावे. लोकल मालात फरक पडतो तो इथेच. भोक केसभर सरकलेले असते, आणि माणूस स्क्रू दाबून आवळतो तसा प्लॅस्टिकचा कान मोडतो. त्यापेक्षा भोक कानशीने थोडे मोठे करावे. रबरी पट्टी नवी नसेल तर जुनी धुऊन वापरावी. तारा नुसत्या पिळून चिकटपट्टी लावली तर पहिल्याच पावसात हिरवा गंज चढतो. डाग देऊन जोडाव्यात किंवा कनेक्टर घालावा.

सर्वांत जास्त त्रास देतो तो अर्थ. दिव्याला वीज तारेने येते, परंतु परत जाते ती मोटारीच्या पत्र्यातून. पत्र्याला जोडलेले ते टोक गंजले, की वीज परतीची दुसरी वाट शोधते आणि शेजारच्या दिव्याच्या तारेतून निघते. मग इंडिकेटर लावला तर पार्किंगचा दिवाही मंद लुकलुकतो, आणि लोक म्हणतात नवा दिवा खराब निघाला. पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासावा, स्क्रू घट्ट करावा, वरून थोडे व्हॅसलीन लावावे. आमचे निम्मे काम हेच होते.

ज्यांना बल्बाऐवजी एलईडी लावायचा आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. साधा इंडिकेटर बल्ब २१ वॉटचा असतो. १२ व्होल्टवर तो पावणेदोन अँपिअर वीज घेतो. एलईडी त्याच्या लहानशा हिश्शावर चालतो. एवढी कमी वीज गेलेली पाहून फ्लॅशरला वाटते की बल्ब उडाला, आणि तो दुप्पट वेगाने टकटक करू लागतो. हा बिघाड नव्हे. बल्ब उडाल्याचे चालकाला आत बसून कळावे म्हणून केलेली ती सोय आहे. जुन्या, तापून वाकणाऱ्या पट्टीच्या फ्लॅशरमध्ये उलट होते, दिवा रेंगाळतो किंवा नुसता लागून राहतो. उपाय म्हणजे एलईडीसाठीचा फ्लॅशर घालणे. काही जण रेझिस्टर जोडतात. तो चांगलाच तापतो, तेव्हा प्लॅस्टिकला टेकवू नये.

हे सगळे मिस्त्रीकडून करून घेता येते, आणि वेळ नसेल तर घ्यावे. पण शेजारच्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधनाचे काम सोडून १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, तो हाताने करता करता शिकावे यासाठीच. तिथे जुन्या जीपचे भाग वापरून छोटा ट्रॅक्टरही तयार झाला. त्या मानाने दोन स्क्रूंचा दिवा म्हणजे काहीच नाही.

दिवा लागल्यावर घड्याळ लावून मोजले : मिनिटाला चौऱ्याऐंशी. मग अंधार पडल्यावर वडील आत बसले, चुलतभाऊ समोर, आणि मी बाजूला, रस्ता ओलांडणारा माणूस उभा राहील तिथे. डावीकडचा नवा दिवा गडद नारिंगी दिसत होता आणि उजवीकडचा जुना उन्हाने विटून फिका पडला होता. दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूसाठीही तसाच दिवा मागवला. विटलेला दिवा पुसून, कागदात गुंडाळून मागच्या सीटखाली ठेवला आहे. त्याचा बल्ब आणि होल्डर अजून चांगला आहे.