लिगोला २,६०० कोटी, गणिताचं काय?
औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या, चार-चार किलोमीटर भुजांच्या लिगो-इंडिया वेधशाळेसाठी केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर केले. तिच्या निर्वात यंत्रणेची जबाबदारी गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे आहे. चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा कोंडून अणुसंलयन साधू पाहणारं टोकामाक यंत्रही हीच संस्था चालवते. पण नुसत्या यंत्राने भागत नाही. गोंगाटातून गुरुत्वीय लहरीचा क्षीण संकेत गणितानेच वेगळा काढावा लागतो. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत शास्त्रज्ञ संजीव धुरंधर यांनी त्या पद्धतींवर २०१५ च्या पहिल्या नोंदीआधी कितीतरी वर्षं काम केलं होतं. ‘आधी पाणी-रस्ते द्या’ ही मागणी रास्तच; पण सिद्धांत आणि संगणनाला कात्री लावून रस्ते होत नाहीत, उलट महागडं यंत्र मुकं राहतं. म्हणून लिगो असो वा संलयन, यंत्राच्या मंजुरीतच अभ्यासकांची आणि संगणकांची तरतूद हवी.