घडीची बाबागाडी : निवड आणि वापर

आमच्या वराळे गांवाहून पुण्यास किंवा लोणावळ्यास जावयाचें म्हणजे प्रथम तळेगांव स्टेशन गांठावें आणि तेथून लोकल धरावी, हा नित्याचा क्रम. एकट्या माणसास या प्रवासांत कांहींच अवघड नाहीं. परंतु कडेवर आठ महिन्यांचें मूल, खांद्यावर दुपट्यांची व बाटल्यांची पिशवी आणि पुढें बाबागाडी, अशा थाटांत जी आई निघते, तिला पादचारी पुलाची प्रत्येक पायरी मोजावी लागते. मागें एकदां माझ्या सुनेनें अशाच एका पुलाच्या तळाशीं उभें राहून मला फोन केला. "बाबा, आधीं बाळाला वर नेऊं कीं गाडीला?" असा तिचा प्रश्न होता. दोन्ही एका खेपेंत नेणें तिला शक्य नव्हतें. आणि पहिल्या खेपेपुरतें मुलास कोणापाशीं सोडावें, हें तर कोणत्याही आईस सुचणार नाहीं. ती तशीच घरीं परतली, आणि पुढें चार महिने तिचें माहेरीं जाणें झालें नाहीं.

दोष माझा होता. ती गाडी मींच हौसेनें पसंत केली होती. दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर ती रथासारखी शोभली. तिचें वजन १२ किलो आहे, याचा विचार मीं केला नाहीं. त्या चुकीपासून जें शिकलों, तें आज आपणांपुढें मांडावें, एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

बाबागाडीचा जन्मच मुळीं श्रीमंती थाटांत झाला. इंग्लंडांत १७३३ च्या सुमारास विल्यम केंट या कलावंतानें डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांकरितां शिंपल्याच्या आकाराची एक छोटी गाडी केली; ती लहानशा जनावरानें ओढावयाची होती. पुढें माणसानें ढकलावयाच्या गाड्या आल्या, तरी त्या जडच राहिल्या; कारण त्या बागेंत फिरण्यासाठीं होत्या, प्रवासासाठीं नव्हत्या. हा प्रकार बदलला तो १९६५ सालीं. ओवेन मॅक्लारेन नांवाचे एक निवृत्त विमान-अभियंते होते; स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यांनीं काम केलें होतें. नातवंडाची अवजड गाडी पाहून त्यांनीं ॲल्युमिनियमच्या पोकळ नळ्यांची एक गाडी योजिली. तिचें वजन तीन किलोंहूनही कमी होतें, आणि छत्री मिटावी तशी ती मिटत असे. विमानाचीं चाकें पोटांत घेण्याची विद्या अशा रीतीनें बाळांच्या कामीं आली. आजच्या बहुतेक हलक्या गाड्या याच कल्पनेच्या लेकी-नाती होत.

आतां निवडीकडे वळूं. पहिली कसोटी वजनाची. आठ महिन्यांचें मूल सुमारें ८ किलोचें असतें. पिशवी ३ किलोची धरा. गाडी १२ किलोची असेल तर एकूण ओझें २३ किलो. तीच साडेपांच किलोची असेल तर साडेसोळा. हा फरक पायऱ्या चढतांना मनगटांस कळतो. तरी केवळ आंकड्यावर विसंबूं नये. दुकानांत एका हातीं ८ किलोची पिशवी मुलाप्रमाणें कडेवर घ्यावी, आणि दुसऱ्या हातानें गाडीची घडी करून, उचलून, दहा पावलें चालून पाहावें. हें जमलें तरच ती गाडी आईच्या उपयोगाची. न जमल्यास ती दोन माणसांची गाडी समजावी.

दुसरी कसोटी चाकांची, आणि येथें थोडें गणित क्षम्य मानावें. बारा सेंटीमीटर व्यासाच्या चाकापुढें तीन सेंटीमीटर उंचीची कड आली, तर तें चाक सरळ रेटून वर चढविण्यास त्यावर पडलेल्या भाराच्या सुमारें पावणेदोन पट जोर लागतो. चाकाचा व्यास वीस सेंटीमीटर असेल, तर त्याच कडेस भाराएवढाच जोर पुरतो. म्हणूनच लहान चाकांची गाडी खड्ड्यापाशीं अडते, आणि जोरानें ढकलली तर पुढें कलंडूं पाहते. अशा वेळीं मूठ खालीं दाबून पुढचीं चाकें उचलावीं, किंवा गाडी उलटी फिरवून मागचीं मोठीं चाकें आधीं चढवावीं. हलक्या गाडीचीं चाकें बहुधा लहानच असतात. हलकेपणाची ती किंमत आहे. शहराच्या फरशीवर ती सुखानें धांवेल. आमच्याकडे भातखाचरांच्या बांधावर किंवा कार्ल्याच्या लेण्यांच्या पायऱ्यांवर तिचा कांहीं उपयोग नाहीं. तेथें मूल अंगाशीं बांधून नेणें हाच शहाणपणा.

तिसरी कसोटी मुलाच्या वयाची. आमच्या मावळांत भातलावणीच्या दिवसांत बायका झाडाला झोळी बांधून तींत मूल निजवितात, हें मीं लहानपणापासून पाहत आलों. झोळींत मूल आडवें असतें. छत्रीसारख्या मिटणाऱ्या साध्या गाडींत तें बसतें. ज्या मुलाची मान धरलेली नाहीं आणि जें आधारावांचून बसत नाहीं, त्यास अशा गाडींत बसविलें तर डोकें छातीवर झुकून श्वासास अडथळा होण्याचा धोका असतो. सर्वसाधारणपणें सहा महिन्यांपूर्वीं अशी गाडी वापरूं नये. त्याहून लहान मुलासाठीं जिची पाठ जवळजवळ सपाट होते, आणि नवजात अर्भकासाठीं योग्य असें बनविणाऱ्यानें स्पष्ट लिहिलेलें आहे, तीच गाडी घ्यावी.

आतां सुरक्षिततेच्या गोष्टी. पट्टा पांच टोंकांचा असावा: दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक मांड्यांमधून. केवळ कमरेच्या पट्ट्यांतून मूल खालीं घसरूं शकतें. घडीला एकाहून अधिक खटके असावेत, म्हणजे एक निसटला तरी गाडी मुलासह मिटणार नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे सांधे. २००९ सालीं अमेरिकेंत मॅक्लारेन कंपनीच्याच सुमारें दहा लाख गाड्यांच्या बाबतींत असें आढळलें कीं, उघडतां-मिटतांना बिजागरींत मुलांचीं बोटें सांपडतात. बारा मुलांच्या बोटांचीं अग्रें तुटल्याची नोंद झाली होती. कंपनीनें मग त्या बिजागऱ्यांवर घालावयास आवरणें दिलीं. यांतून नियम एकच: गाडी उघडावयाची वा मिटावयाची ती मूल दूर ठेवून. आणि उघडल्यावर खटका बसल्याचा आवाज ऐकून, मूठ एकदां दाबून पाहून, मगच मूल आंत बसवावें. युरोपांतील गाड्यांवर ईएन १८८८ या मानकाचा उल्लेख असतो. तो असल्यास गाडीची ब्रेक, स्थैर्य व सांधे यांबाबत परीक्षा झाली आहे असें समजावें.

पिशव्या मुठीस अडकविण्याची खोड आपणां सर्वांस आहे. गाडी जितकी हलकी, तितकी ही खोड वाईट. मूल उचलतांच मागें लोंबणारें ओझें गाडीस उलथवितें, आणि कधीं कधीं मूल आंत असतांनाही. ओझें खालच्या जाळींत ठेवावें.

स्टेशनावर एक पथ्य कटाक्षानें पाळावें. फलाटास किंचित् उतार असूं शकतो. गाडी रुळांच्या दिशेनें तोंड करून कधीं उभी करूं नये. रुळांस समांतर उभी करावी, ब्रेक लावावा, आणि तरीही मुठीवरचा हात काढूं नये. लोकल येण्यापूर्वींच मूल कडेवर घ्यावें व गाडी मिटून ठेवावी. फलाट व डबा यांमधील फटीवरून मुलासह गाडी ढकलण्याचें धाडस कोणीही करूं नये.

विमानानें जाणाऱ्यांस आणखी एक सूचना. "विमानांत चालते" असें दुकानदार सहज सांगतो. बेबीझेन या फ्रेंच कंपनीची योयो ही गाडी २०१२ सालीं बाजारांत आली, आणि तिच्या घडीचें माप सुमारें ५२ × ४४ × १८ सेंटीमीटर असतें. आपल्याकडे कित्येक विमान-कंपन्यांची हातसामानाची मर्यादा ७ किलो वजनाची व ५५ × ३५ × २५ सेंटीमीटर मापाची असते. वजन बसलें तरी ४४ ची बाजू ३५ मध्यें बसत नाहीं, हें साधी पट्टी सांगते. तेव्हां तिकीट काढतांनाच कंपनीस विचारावें. कित्येक ठिकाणीं गाडी विमानाच्या दारापर्यंत नेऊं देतात व तेथून ती सामानांत घेतात.

शेवटीं ऊन आणि पाऊस. उन्हांत गाडीचा टप पुढें ओढावा, पण वरून कोरडें दुपटें गुंडाळूं नये. आंतील हवा कोंडून तापते आणि मूल दृष्टीआड होतें. लोणावळ्याच्या पावसासाठीं पारदर्शक आच्छादन लागतेंच. तें हवेला वाट असलेलें असावें, आणि पाऊस थांबतांच काढावें.

आमच्या घरीं आतां साडेपांच किलोची, साधी, काळ्या रंगाची गाडी आहे. तिच्यांत शोभा नाहीं, आणि गांवाच्या कच्च्या वाटेवर ती खडखडते. परंतु गेल्या महिन्यांत माझी सून बाळास कडेवर घेऊन आणि गाडी दुसऱ्या हातांत धरून एकटीच तो पूल चढून गेली, आणि दुपारीं तिच्या माहेरून फोन आला. "बाबा, पोंचलों," एवढेंच ती म्हणाली. बाबागाडी बाळासाठीं घ्यावयाची, असें आपण म्हणतों. खरें पाहतां बाळास आईची कडही पुरते. ती गाडी आईच्या हातांसाठीं असते. म्हणून दुकानांत जाल तेव्हां पसंती आजोबांची नसावी; जी ती उचलणार आहे, तिच्याच हातीं ती प्रथम द्यावी.