घराचा विमा आणि शेजारचा गाळा

मागच्या आठवड्यात आपण कारखान्यांचा आगविमा पाहिला. आज त्याच गल्ल्यांतल्या घरांकडे वळू, कारण पिंपरी-चिंचवडच्या भोसरीत घर आणि कारखाना यांच्यात अनेकदा एका भिंतीचंच अंतर असतं. एमआयडीसीच्या आखीव प्लॉटांबाहेर वस्ती दाट होत गेली, तसे तळमजल्यावर फॅब्रिकेशनचे, पॅकिंगचे गाळे आले आणि वर भाड्याच्या खोल्या चढल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये चिखलीच्या पूर्णानगरात हार्डवेअरच्या दुकानाला पहाटे आग लागली आणि तिथेच राहणाऱ्या एका कुटुंबातले चौघे गेले. त्याच वर्षी ८ डिसेंबरला तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजी मेणबत्त्या बनवणाऱ्या, परवाना नसलेल्या कारखान्यात स्फोट झाला. त्यात बळी पडलेल्यांत बहुतेक महिला कामगार होत्या. कुदळवाडीतल्या भंगाराच्या गोदामांच्या आगी तर शहराने वारंवार पाहिल्या आहेत. अशा पट्ट्यात घराचा विमा मिळेल का, असं विचारलं जातं. माझ्या मते आज तो मिळणं कठीण नाही. कठीण आहे ते वेळ आल्यावर तो कामी येईल असा ठेवणं, आणि हे काम एकट्या घरमालकाच्या हातचं नाही.

मिळण्याबद्दल आधी. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने, म्हणजे ‘इर्डाई’ने, घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी आणली. आग, स्फोट, वीज, भूकंप, पूर, दंगल हे सगळं तिच्या मूळ संरक्षणातच आहे. विम्याची रक्कम घराच्या बाजारभावावर ठरत नाही, पुन्हा बांधायच्या खर्चावर ठरते, कारण जमीन जळत नाही. समजा कार्पेट क्षेत्र ५०० चौरस फूट आहे आणि बांधकामाचा दर फुटाला २,००० रुपये, तर रक्कम झाली १० लाख. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतं. वस्तूंची यादी द्यावी लागत नाही. रक्कम थोडी कमी लावली म्हणून भरपाई त्या प्रमाणात कापायची, ही जुनी जाचक पद्धतही घरांसाठी काढून टाकली आहे. भाडेकरूला नुसत्या सामानाचा विमा घेता येतो, ही गोष्ट खोल्यांमध्ये राहणाऱ्या कामगार कुटुंबांपर्यंत पोहोचलेलीच नाही. गृहकर्जाबरोबर काढलेला विमा हा घराचाच, असा समज सर्रास आढळतो. तो बरेचदा कर्जदाराच्या जीवाचा असतो. घर जळालं तर त्यातून काही मिळत नाही. घरात नेमका कोणता कागद आहे, हे आजच उघडून पाहा.

खरी अडचण अर्जातल्या एका साध्या रकान्यात आहे: इमारतीचा वापर कशासाठी होतो? खाली थिनरचे डबे आणि थर्माकोलचे गठ्ठे असताना तिथे ‘निवासी’ एवढंच लिहून मोकळं होणं सोपं असतं. एजंटही घाईत असतो. पण विम्याचा करार परस्पर विश्वासावर उभा असतो. महत्त्वाची माहिती दडवली असेल, तर सर्वेक्षक आगीनंतर जिन्याखालची मीटरची पेटी, तिच्याभोवती रचलेली पोती आणि तळमजल्यावर उरलेला माल पाहतो आणि दावा तिथेच अडतो. वापर मध्येच बदलला, खाली नवा गाळा आला, तरी कंपनीला कळवायला हवं. गॅस सिलिंडरचंही असंच आहे. नोंदणीकृत ग्राहकाला तेल कंपन्यांच्या विम्यातून, आगीचं मूळ कारण गॅस असेल तर, नोंदवलेल्या पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी २ लाखांपर्यंत मिळू शकतात. चोरून भरलेल्या छोट्या सिलिंडरवर ज्यांची चूल चालते, त्यांच्यासाठी हा दरवाजा बंद असतो. आणि असे सिलिंडर वापरणारे बहुतेकदा सगळ्यात गरीबच असतात.

यावर रास्त आक्षेप असा: खरं सांगितलं तर हप्ता वाढेल किंवा कंपनी नकार देईल, मग सांगायचं कशाला? हा धोका काल्पनिक नाही. कॅलिफोर्नियात वणव्यांमुळे नेमकं हेच घडलं. तिथल्या स्टेट फार्म या मोठ्या कंपनीने मे २०२३ मध्ये घरांच्या नव्या पॉलिसी देणं थांबवलं. ज्यांना कुणीच विमा देईना ते ‘फेअर प्लॅन’ या शेवटच्या आधाराकडे गेले. तो महाग आणि तुटपुंजा आहे. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळ हजारो घरं जळाली तेव्हा ही उणीव उघडी पडली. पण त्या राज्याने आणखी एक पाऊल टाकलं होतं, ते आपल्याला जास्त उपयोगी आहे. भिंतीलगतचा पाच फुटांचा पट्टा मोकळा ठेवणं, छप्पर न पेटणारं करणं अशा कामांसाठी हप्त्यात सूट देणं २०२२ च्या नियमांनी कंपन्यांना बंधनकारक केलं, आणि संपूर्ण वस्तीने मिळून केलेली कामंही त्यात धरली. आपल्याकडे आगविम्याचे सरकारी दर जाऊन कंपन्यांना मोकळीक मिळाली ती २००७ मध्येच. त्यामुळे धोका कमी करणाऱ्या गल्लीला सवलत द्यायला इथल्या कंपन्यांना कुणी अडवलेलं नाही. ती मागायला मात्र कुणीतरी उभं राहायला हवं. माहिती लपवून नकार टळत नाही. तो आगीनंतरच्या वेळेवर ढकलला जातो, आणि तेव्हा घरही गेलेलं असतं.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे, आणि तो मला जास्त टोचतो. माल साठवतो गाळेवाला, मग घरवाल्याने का सोसावं? त्याने सोसू नयेच. धोका ज्याचा, खर्चही त्याचाच असावा. म्हणून महापालिकेची तपासणी हा विम्याचाच भाग मानला पाहिजे. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखलीत चार हजारांहून अधिक बांधकामं पाडली गेली. त्या कारवाईने रोजगार गेले, आणि तोच धंदा दुसऱ्या दाट वस्तीत सरकला तर आगीचा धोका फक्त पत्ता बदलेल. वर्षानुवर्षं दुर्लक्ष करून एका आठवड्यात बुलडोझर चालवण्यापेक्षा दर सहा महिन्यांची काटेकोर तपासणी गाळेवाल्यालाही परवडते आणि वरच्या खोलीतल्या कुटुंबालाही.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार, तो लागू असलेल्या इमारतींच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून आगयंत्रणा चालू असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र द्यायचं असतं. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतही इमारतीचा विमा उतरवणं सांगितलेलं आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत दोन कागद मागा: सोसायटीची चालू पॉलिसी आणि खालच्या प्रत्येक व्यावसायिक गाळ्याचं ताजं प्रमाणपत्र. पॉलिसीचं नूतनीकरण फेब्रुवारीत किंवा ऑगस्टमध्ये येईल असं पाहिलं, तर ताज्या प्रमाणपत्राची प्रत अर्जाला जोडता येते आणि हप्त्याबद्दल घासाघीस करायला हातात काहीतरी असतं. दावा नाकारला गेलाच, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद मिळाली नाही, तर विमा लोकपालांचं कार्यालय पुण्यातच आहे आणि तिथे तक्रार करायला शुल्क लागत नाही.