गरोदरपण आणि खोकल्याचे औषध

थंडीची चाहूल लागताच गावोगावी सर्दी-पडशाची साथ सुरू होते. घरात गरोदर स्त्री असली, तर फडताळात उरलेली खोकल्याची बाटली तिच्या हाती देऊन मंडळी निश्चिंत होतात. तथापि ‘खोकल्याचे औषध’ या एकाच नावाखाली परस्परांहून अगदी भिन्न द्रव्ये विकली जातात, आणि पुष्कळदा ती एकाच बाटलीत एकत्र असतात, याची जाणीव फार थोड्यांना असते.

कोरडा खोकला शमविणारे डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे वैद्यकीय सल्ल्याने, गरजेपुरते घेतल्यास गरोदरपणात सामान्यतः सुरक्षित मानले जाते. कोडीनची गोष्ट निराळी. ते अफूच्या वर्गातील असून वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. प्रसूतीच्या सुमारास घेतल्यास नवजात अर्भकाचा श्वास मंदावण्याचा संभव असतो. चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या स्यूडोएफेड्रिन व फिनाइलएफ्रिन या द्रव्यांनी रक्तदाब वाढू शकतो. पहिल्या तीन महिन्यांत ती टाळणेच इष्ट. आयोडाइडयुक्त मिश्रणांमुळे गर्भाच्या थायरॉइड ग्रंथीस अपाय होऊ शकतो. काही बाटल्यांत मद्यार्कही असतो. म्हणून बाटलीचे नाव नव्हे, तर तिच्यावरील घटकांची यादी डॉक्टरांना दाखविणे अगत्याचे आहे.

‘झाडपाल्याचे औषध, त्याने काय होणार?’ हा समजही तपासून पाहावयास हवा. अडुळशातील वासिसीन या द्रव्याने गर्भाशय आकुंचन पावत असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळून आले आहे. ज्येष्ठमध अधिक प्रमाणात व दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो. साध्या पडशाच्या खोकल्याला कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, वाफारा आणि चमचाभर मध एवढ्याने बहुधा आराम पडतो.

ही सावधगिरी अनाठायी नाही. १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आलेले थॅलिडोमाइड गरोदर स्त्रियांनाही निर्धोक म्हणून दिले गेले. १९६१ मध्ये ते मागे घेतले गेले, परंतु तोवर त्याची झळ जगभरातील हजारो बालकांना पोहोचली होती. त्यांतील अनेकांचे हातपाय जन्मतःच अपुरे होते.

मात्र औषधाच्या धास्तीने खोकला अंगावर काढणेही तितकेच घातक होय. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, ताप, थुंकीतून रक्त वा वजन न वाढणे ही क्षयाची लक्षणे असू शकतात. थुंकीची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांमार्फत विनामूल्य होते. क्षयावरील आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व इथॅम्ब्युटॉल ही प्रमुख औषधे गरोदरपणातही देता येतात. स्ट्रेप्टोमायसिन मात्र गर्भाच्या श्रवणशक्तीस बाधक ठरत असल्याने वर्ज्य आहे. दिवस गेले आहेत, ही गोष्ट संकोचापोटी डॉक्टरांपासून लपविली जाते ती नेमकी याच वेळी. आशा सेविकेने स्त्रीसोबत केंद्रावर जाऊन ती पहिल्याच भेटीत सांगितली, तर औषधाची निवड त्यानुसार करता येते.