प्रमेयातली अट येते कुठून?

बीएस्सीच्या पेपरात ‘स्टेट अँड प्रूव्ह’ असं छापलेलं असतं. विधान आधीच कुणीतरी ठरवून दिलेलं. विद्यार्थ्याने ते आठवायचं आणि खाली सिद्धता उतरवायची. ‘इथे काय खरं असेल, ते तुम्हीच सांगा’ म्हटलं, की वर्गात चुळबूळ सुरू होते.

उदाहरणार्थ, फलनाचा डेरिव्हेटिव्ह सगळीकडे धन असेल तर फलन वाढतं, असं बहुतेक जण पटकन म्हणतील. डोळ्यांपुढे उजवीकडे चढत जाणारी सलग रेषा असते ना! आता ‘उणे १ भागिले क्ष’ घ्या. डेरिव्हेटिव्ह १ भागिले क्षवर्ग, म्हणजे शून्य सोडून सर्वत्र धन. तरीही क्ष उणे १ असताना किंमत १ आणि क्ष १ असताना उणे १! शून्यापाशी फलन तुटलंय, ते मनातल्या चित्रात नव्हतंच. गणितशिक्षणाचे अभ्यासक डेव्हिड टॉल आणि श्लोमो व्हिनर यांनी १९८१ मध्ये हाच भेद मांडला: पुस्तकातली व्याख्या एक, डोक्यात साठलेली प्रतिमा दुसरी.

काही जण असं उदाहरण ‘अपवाद’ म्हणून सोडून देतात. काही जण बिघडलं कुठे ते शोधतात आणि अट घालतात: फलन एका सलग इंटरव्हलवर हवं. पुढे सिद्धतेत मीन व्हॅल्यू थिअरम लावायला दोन बिंदूंमधला प्रत्येक बिंदू लागतो, तेव्हा हीच अट उपयोगी पडते. मला तरी गणितातली सगळ्यात मोठी गंमत इथेच वाटते. पेपरात तिला गुण नाहीत.

नुसती माहिती पुरत नाही, हे कीथ वेबर यांच्या २००१ च्या अभ्यासातही दिसलं. ग्रुप थिअरीतली लागणारी प्रमेयं ठाऊक असूनही पदवीच्या विद्यार्थ्यांची सिद्धता अनेकदा अडली. कुठलं प्रमेय कधी काढायचं, ते पीएचडीच्या विद्यार्थ्यांना उमगत होतं.

आणि अट निसटते ती फक्त विद्यार्थ्यांच्याच हातून, असंही नाही. सतत फलनांच्या अभिसारी श्रेणीची बेरीज सततच असते, असं खुद्द कोशी यांनी १८२१ मध्ये पाठ्यपुस्तकात लिहिलं. १८२६ मध्ये आबेल यांनी साइनच्या श्रेणीने ते मोडलं. नेमकं काय कमी पडलं, ते स्टोक्स आणि सायडल यांनी दाखवेपर्यंत १८४७ उजाडलं. आज ती अट ‘युनिफॉर्मली’ या एका शब्दात विद्यार्थ्यापुढे येते. शिक्षकांनी तो शब्द गाळून विधान फळ्यावर लिहावं आणि मोडून दाखवायला सांगावं. श्रेणीच्या आंशिक बेरजा म्हणून शून्य ते एकमध्ये क्षचे वाढते घात घेऊन बघायचं कुणाला ना कुणाला सुचतंच.