करसल्लागाराचे बारमाही कार्य : दापोडी परिसरातील करदात्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पुण्याकडून मुळा नदीवरील हॅरिस पूल ओलांडला की पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील दापोडी लागते. राज्य परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आणि लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय या दोन मोठ्या संस्थांमुळे येथे नोकरदार व निवृत्तिवेतनधारक यांची वस्ती पूर्वीपासून आहे. जवळच कासारवाडी व भोसरीचा औद्योगिक पट्टा असल्याने मोठ्या कारखान्यांसाठी जॉबवर्क करणारे लघुउद्योजक, किरकोळ दुकानदार आणि खोल्या भाड्याने देणारे घरमालक हेही या परिसराच्या अर्थजीवनाचे घटक आहेत. या सर्वांचा कर प्रशासनाशी संबंध प्रामुख्याने करसल्लागारामार्फत येतो. मात्र हा संबंध पुष्कळदा जुलै महिन्यापुरताच मर्यादित राहतो. विवरणपत्र भरणे म्हणजेच करसल्लागाराचे काम, हा समज त्यामागे आहे. वास्तविक विवरणपत्र हे वर्षभराच्या कामाचे केवळ फलित होय, या भूमिकेतून प्रस्तुत लेखात करसल्लागाराच्या बारमाही कार्याचे विवेचन केले आहे.

उद्दिष्टे

१. करसल्लागाराच्या कार्याचे बदललेले स्वरूप स्पष्ट करणे.
२. निरनिराळ्या अशिलांच्या संदर्भात वर्षभराच्या कामाचा क्रम मांडणे.
३. वाणिज्य शाखेच्या अध्यापनाच्या दृष्टीने काही सूचना करणे.

प्रस्तुत लेख वर्णनात्मक स्वरूपाचा असून तो करविषयक तरतुदी व शासनाने प्रसिद्ध केलेली माहिती यांवर आधारलेला आहे.

कार्याचे बदललेले स्वरूप

महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ रोजी विक्रीकराच्या जागी मूल्यवर्धित कर आला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर (जीएसटी) लागू झाला. दरम्यानच्या काळात पिंपरी-चिंचवडमध्ये २०१३ साली जकातीऐवजी स्थानिक संस्था कर आकारण्यात येऊ लागला व २०१५ मध्ये बहुसंख्य व्यापाऱ्यांसाठी तोही रद्द झाला. प्राप्तिकराच्या क्षेत्रात १९६१ च्या अधिनियमाची जागा घेणारा प्राप्तिकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होण्याची तरतूद करण्यात आली. त्यात 'मागील वर्ष' व 'करनिर्धारण वर्ष' या दोन संज्ञांऐवजी 'करवर्ष' ही एकच संज्ञा योजिली आहे.

कायद्यांतील या बदलांपेक्षाही महत्त्वाचा बदल माहितीच्या बाबतीत झाला आहे. २०२१ पासून करदात्यास उपलब्ध असलेल्या वार्षिक माहिती विवरणात बँकेचे व्याज, लाभांश, समभागांचे व्यवहार इत्यादी तपशील अगोदरच नोंदलेले असतात. म्हणजे करसल्लागार आकडे भरावयास बसतो, तेव्हा ते बहुतांशी प्राप्तिकर विभागाकडे पोहोचलेले असतात. साहजिकच अर्ज भरण्याचे महत्त्व कमी होऊन पुरावा जतन करण्याचे महत्त्व वाढले आहे.

पगारदार व निवृत्तिवेतनधारक

पगारदाराचे काम जुलैत नव्हे तर एप्रिलमध्ये सुरू होते. जुनी की नवी करप्रणाली, याची माहिती त्याने आस्थापनेस वर्षारंभी दिली म्हणजे पगारातून होणारी करकपात योग्य राहते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी प्रणाली ही मूळ प्रणाली मानली जाते व तीत बहुतेक वजावटी मिळत नाहीत. जुनी प्रणाली निवडावयाची असल्यास भाड्याच्या पावत्या, घरमालकाचा पॅन, विमा हप्ते, देणगीच्या पावत्या ही कागदपत्रे त्या त्या वेळीच गोळा करावी लागतात. जुलैमध्ये ती शोधू लागल्यास सापडत नाहीत आणि तेथूनच खोट्या दाव्याचा मोह उत्पन्न होतो.

निवृत्तिवेतनधारकांच्या बाबतीत मुदत ठेवींवरील व्याज हा मुख्य प्रश्न असतो. ठेवी अनेक बँकांत विभागलेल्या असल्याने एखादे व्याज नजरेतून सुटते. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या साठ वर्षांवरील निवासी व्यक्तीस आगाऊ कर भरावा लागत नाही. तथापि व्याजाचे उत्पन्न दाखविणे तिलाही बंधनकारक आहे. खोल्या भाड्याने देणाऱ्यास भाड्यातून महानगरपालिकेचा प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर वजा करता येतो व उरलेल्या रकमेवर तीस टक्के प्रमाणित वजावट मिळते. मिळकतकराच्या पावतीचे मोल हे असे आहे.

जॉबवर्क करणारा लघुउद्योजक

या अशिलाचे काम सर्वाधिक गुंतागुंतीचे असते, म्हणून त्याचा विचार सविस्तर करणे आवश्यक आहे.

पहिली बाब पुरवठादाराची. खरेदीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट, पुरवठादाराने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखविले व ते 'जीएसटीआर-२बी' मध्ये आले, तरच घेता येते. एखाद्या वर्षाचे राहून गेलेले क्रेडिट घेण्याची मुदत पुढील ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक विवरणपत्र सादर करण्याची तारीख, यांपैकी जी आधी असेल तिथपर्यंतच असते. म्हणून दरमहा खरेदीवहीची पडताळणी करून न दिसणाऱ्या बिलांबाबत पुरवठादारास त्वरित कळवावे. वर्षाअखेरीस कळविल्यास तो दाद देईलच असे नाही.

दुसरी बाब बाहेर पाठविलेल्या मालाची. अनेक कार्यशाळा स्वतः जॉबवर्क करीत असतानाच प्लेटिंग किंवा हीट ट्रीटमेंटसाठी आपला माल इतरत्र पाठवितात. असा माल एक वर्षात व यंत्रसामग्री तीन वर्षांत परत आली नाही, तर तो पाठविल्या दिवशीच पुरवठा झाला असे समजून कर व व्याज देय होते. डाय, मोल्ड, जिग, फिक्स्चर व हत्यारे यांना ही तीन वर्षांची मर्यादा लागू नाही. डिलिव्हरी चलनांची तारीखवार नोंदवही हाच येथे खरा बचाव होय.

तिसरी बाब येण्याच्या रकमेची. सूक्ष्म व लघु उद्योगांस, लेखी करार नसल्यास १५ दिवसांत व करार असल्यास कमाल ४५ दिवसांत रक्कम देणे २००६ च्या कायद्यानुसार बंधनकारक आहे. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमातील कलम ४३बी(एच) अन्वये १ एप्रिल २०२४ पासून अशी भर पडली की, या मुदतीत रक्कम न दिल्यास खरेदीदारास त्या खर्चाची वजावट रक्कम प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी मिळेल. उत्पादन वा सेवा देणाऱ्या अशिलाची 'उद्यम' नोंदणी करून तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापला, तर थकीत रकमेचा तगादा लावण्यास त्यास आधार मिळतो. मात्र हाच अशील दुसऱ्या लघुउद्योजकाचा खरेदीदारही असतो. म्हणून मार्च संपण्यापूर्वी देण्याची यादी तपासणे अगत्याचे ठरते.

चौथी बाब म्हणजे मोठ्या कंपनीने जॉबवर्कच्या बिलातून केलेली करकपात. ती अशिलाच्या पॅनवर जमा दिसते किंवा नाही, हे दर तिमाहीस पाहावे.

वर्षाचे वेळापत्रक

जीएसटीची मासिक विवरणपत्रे ११ व २० तारखेस, तर पाच कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असून तिमाही योजना स्वीकारलेल्यांची १३ व महाराष्ट्रात २२ तारखेस देय असतात. आगाऊ कराचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर व १५ मार्च या दिवशी अनुक्रमे एकूण १५, ४५, ७५ व १०० टक्के या प्रमाणात भरावयाचे असतात. अनुमानित उत्पन्नाची पद्धत स्वीकारणाऱ्या छोट्या दुकानदारास १५ मार्चचा एकच हप्ता पुरतो. नोंदणीकृत व्यावसायिकाचा २,५०० रुपये व्यवसाय कर ३० जूनपर्यंत भरावयाचा असतो. पगारदारांच्या विवरणपत्राची मुदत ३१ जुलै आहे. २०२५ मध्ये ती १६ सप्टेंबरपर्यंत वाढली होती, परंतु मुदतवाढ गृहीत धरून काम करणे योग्य नव्हे.

खोट्या परताव्याचा धोका

हंगामी कामाचे परिणाम किती गंभीर असू शकतात, हे १४ जुलै २०२५ रोजी स्पष्ट झाले. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने त्या दिवशी महाराष्ट्रासह अनेक राज्यांत मिळून १५० ठिकाणी तपासणी सुरू केल्याचे जाहीर केले. बनावट वजावटी दाखवून, कमिशन घेऊन वाढीव परतावे मिळवून देणारे मध्यस्थ हे तिचे लक्ष्य होते. आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतल्याचेही मंडळाने नमूद केले. अशा दाव्यांचा लाभ घेणाऱ्यांत शैक्षणिक संस्थांचे कर्मचारीही असल्याचा उल्लेख त्यात होता, ही बाब आपणा सर्वांस विचार करावयास लावणारी आहे. हे मध्यस्थ तात्पुरते ई-मेल पत्ते वापरीत व नंतर ते सोडून देत. परिणामी नोटिसा करदात्यापर्यंत पोहोचतच नसत.

यातून तीन नियम निघतात. अशिलाचाच मोबाइल क्रमांक व ई-मेल नोंदवावा. शुल्क परताव्याच्या टक्केवारीवर आकारू नये. भरलेल्या विवरणपत्राची प्रत पुराव्यांसह अशिलास द्यावी. कारण विवरणपत्र कोणीही भरलेले असो, त्याचे उत्तरदायित्व करदात्याचेच असते आणि उत्पन्न चुकीचे दर्शविल्यास कराच्या दुपटीइतकी शास्ती होऊ शकते. जुनी चूक आढळल्यास अद्ययावत विवरणपत्र करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत भरता येते, परंतु विलंबानुसार २५ ते ७० टक्के अतिरिक्त कर द्यावा लागतो.

निष्कर्ष व सूचना

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, करसल्लागाराची उपयुक्तता त्याने मिळवून दिलेल्या परताव्यावरून नव्हे, तर त्याने राखलेल्या कागदपत्रांवरून ठरते. वाणिज्य शाखेत करविषयाचे अध्यापन उत्पन्नाच्या गणितापाशी थांबते. त्यास नमुना खरेदीवहीची 'जीएसटीआर-२बी'शी पडताळणी, चलनांची नोंदवही ठेवणे, वार्षिक माहिती विवरणाचे वाचन अशा प्रात्यक्षिकांची जोड देता येईल. आपले अनेक विद्यार्थी पुढे याच परिसरातील कर कार्यालयांत काम करू लागतात. त्यांच्या हातून एखाद्या लघुउद्योजकाचे क्रेडिट बुडणार नाही किंवा एखाद्या निवृत्त कामगारास अनपेक्षित नोटीस येणार नाही, एवढी सवय महाविद्यालयातच लागणे आवश्यक आहे.