सौदी अरेबियाची दोन लष्करे

गैरसमज: देश एक, म्हणजे लष्करही एकच.

सौदी अरेबियात तसे नाही. भूदल, नौदल, हवाई दल, हवाई संरक्षण दल आणि क्षेपणास्त्र दल संरक्षण मंत्रालयाकडे आहेत. नॅशनल गार्ड मात्र या मंत्रालयाच्या कक्षेबाहेर आहे. 2013 मध्ये तर त्याला स्वतंत्र मंत्रालयच मिळाले.

याचे मूळ राज्याच्या जन्मात आहे. अब्दुल अझीझ इब्न सौद यांनी राज्य उभारले ते इखवान या बेदुइन लढवय्यांच्या बळावर. पुढे हेच इखवान ऐकेनासे झाले, इराकच्या हद्दीत धाडी घालू लागले. 1929 मध्ये सबिलाच्या लढाईत इब्न सौद यांनी त्यांना मोडून काढले. ज्या टोळ्या निष्ठावान राहिल्या, त्यांच्यातून गार्ड घडले. आपल्या शिलेदारांसारखी, आपापल्या म्होरक्यामागे उभी राहणारी टोळ्यांची पथके त्यात होती.

पुढे 1952 मध्ये इजिप्तची आणि 1958 मध्ये इराकची राजसत्ता त्यांच्याच लष्कराने उलथवली. शेजारी हे घडत असताना लष्कराला तोलून धरणारे दुसरे सशस्त्र दल राजघराण्याला मोलाचे वाटले, यात नवल नाही. राजपुत्र अब्दुल्ला यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला गार्डची सूत्रे घेतली आणि 2005 मध्ये राजे झाल्यावरही ती काही वर्षे स्वतःकडेच ठेवली.

गैरसमज: गार्ड म्हणजे आपले होमगार्ड.

गार्डकडे चिलखती गाड्या आहेत, तोफा आहेत, हेलिकॉप्टर आहेत. आखाती युद्धात 29 जानेवारी 1991 च्या रात्री इराकी फौज सीमेवरच्या खाफजी शहरात घुसली. शहर आधीच रिकामे केलेले होते, पण अमेरिकी मरीनच्या दोन टेहळणी तुकड्या आत इमारतींमध्ये अडकल्या. गार्डच्या तुकड्या कतारच्या रणगाड्यांसह गल्लोगल्ली लढल्या. अमेरिकी विमानांचा आणि तोफखान्याचा आधार होताच, पण शहर परत घ्यायला आत शिरले ते अरब सैनिक. सौदी सैनिक लढतच नाहीत, असे बेधडक म्हणणाऱ्यांनी ही लढाई जरूर अभ्यासावी.

गैरसमज: पैसा ओतला की देश अभेद्य.

संरक्षणावर सर्वाधिक खर्च करणाऱ्या देशांत सौदी अरेबिया आहे. तरी 14 सप्टेंबर 2019 रोजी अबकैक आणि खुरैस येथील तेलकेंद्रांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रे आदळली आणि देशाचे निम्मे तेल उत्पादन काही काळ थांबले.

गैरसमज: तिथे सक्तीची भरती आहे आणि स्त्रियांना सैन्यात मज्जाव आहे.

दोन्ही चूक. भरती ऐच्छिक आहे. 2021 मध्ये संरक्षण मंत्रालयाने स्त्रियांसाठीही अर्ज खुले केले.

आता भारताशी असलेल्या संबंधांकडे पाहू. भारतीय लष्करप्रमुखांची पहिली सौदी भेट डिसेंबर 2020 मध्ये झाली; तिथे गेले ते पुण्याचे जनरल मनोज नरवणे. 2024 च्या आरंभी राजस्थानातील महाजन येथे दोन्ही देशांचा पहिला संयुक्त भूदल सराव झाला. त्यात आलेले जवान सौदी भूदलाचे होते, गार्डचे नव्हेत. यापुढे ‘सौदी सैन्य’ अशी बातमी वाचाल, तेव्हा ते कोणते दल आहे हे आधी पाहा.